रावेन्ना जिल्हा: समुद्र जिथून मागे सरकला (आणि सेनिओ नदीचा बांध)

निळी_खिडकी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं म्हणत होते, आज बसलेच. गेली सहा वर्षं बोलोन्यात राहते. आपल्याकडून कोणी ना कोणी इटलीला येणारं विचारतंच, की व्हेनिस आणि फ्लॉरेन्सच्या मध्ये अर्धा दिवस मोकळा आहे, रावेन्ना उरकेल का. आधी मी सरळ हो म्हणायचे, बोलोन्याहून ट्रेनने सव्वा तास, स्टेशनपासून सगळं चालत, मोझेक (काचेच्या-दगडाच्या रंगीत तुकड्यांची चित्रं) बघा आणि संध्याकाळी परत. आता नाही म्हणते. अर्ध्या दिवसात तुम्ही फक्त सोनेरी छतं बघून येता, ती छतं तिथे का आहेत ते कळतच नाही, आणि ते कळायला शहराबाहेर पडून जिल्हा बघावा लागतो.

आधी नकाशा. पो नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या खालच्या अंगाला, एड्रियाटिकच्या काठावर हा जिल्हा आहे, एमिलिया-रोमान्या प्रांतात, एकूण १८ नगरपालिका. समुद्राकडचा भाग इतका सपाट की रस्ता कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं कळत नाही, आणि नैऋत्येला फाएन्झा सोडलं की अपेनाइन्सचे डोंगर उभे राहतात. त्या डोंगरांतून लामोने, सेनिओ, सान्तेर्नो अशा नद्या गाळ घेऊन खाली येतात, आणि या जिल्ह्याचा सगळा इतिहास त्या गाळाने आणि पाण्याने लिहिलाय असं माझं मत होत चाललंय.

रोमन सम्राट ऑगस्टसने इथे क्लासे नावाचं बंदर उभारलं, आरमारी तळ, अडीचशे जहाजं मावतील एवढा. मग ४०२ मध्ये सम्राट होनोरियसने पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी मिलानहून इथे हलवली. कारण काय तर दलदल! उत्तरेकडून येणाऱ्या टोळ्यांचं घोडदळ चिखलात रुतणार आणि समुद्रातून रसद येत राहणार. म्हणजे ज्या दलदलीपासून माणूस लांब पळतो तीच इथे तटबंदी झाली. आज त्या क्लासे बंदराच्या जागी शेतं आहेत. खरंच, तुम्ही सान्त अपोलिनारे इन क्लासेच्या बॅसिलिकेसमोर उभे राहता आणि चहूकडे गहू, फळबागा, पाइनचं जंगल. समुद्र गाळाने मागे ढकलत ढकलत कित्येक किलोमीटर लांब गेलाय. ते चर्च ५४९ साली बंदरातल्या वस्तीसाठी बांधलं, आणि आता बंदर नाही, वस्ती नाही, चर्च तेवढं आहे. आत वर हिरव्यागार कुरणाचं मोझेक, शुभ्र मेंढ्या, निळ्या गोलात ९९ चांदण्या आणि मध्ये क्रॉस. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, आत आम्ही चारच माणसं, मी अर्धा तास नुसती बाकावर बसून होते.

शहरातलं थोडक्यात सांगते कारण त्यावर भरपूर लिहिलेलं मिळेल. आठ वास्तू १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, पाचव्या-सहाव्या शतकातल्या. गाला प्लाचिदियाचं समाधीमंदिर बाहेरून विटांची साधी खोली, आणि आत शिरलं की गडद निळं छत, साडेपाचशेच्या वर सोनेरी चांदण्या. (ती स्वतः बहुधा रोममध्ये पुरलेली आहे. सम्राटाची मुलगी, गॉथ टोळ्यांनी पळवून नेलेली, त्यांच्या राजाशी लग्न, मग परत येऊन मुलाच्या नावाने साम्राज्य चालवणारी, तिच्यावर वेगळा धागा निघेल.) शेजारीच सान व्हिताले, तिथे पूर्व रोमन सम्राट जस्टिनियन आणि त्याची राणी थिओडोरा समोरासमोरच्या भिंतींवर उभे आहेत, आणि गंमत म्हणजे जस्टिनियन रावेन्नात कधी आलाच नव्हता. भिंतीवरून राज्य केलं त्याने.

पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट सान्त अपोलिनारे नुओव्होमध्ये आहे. हे मुळात गॉथ राजा थिओडोरिकच्या राजवाड्याचं चर्च. तो ख्रिश्चनच पण एरियन पंथाचा, म्हणजे येशू पित्यापेक्षा खालचा असं मानणारा. त्याच्यानंतर ५४० मध्ये बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचं सैन्य आलं आणि त्यांनी भिंतीवरच्या राजवाड्याच्या चित्रातून राजा आणि दरबारी काढून टाकले, तिथे पांढरे पडदे बसवले. बघताना चटकन कळत नाही. मग नीट खांबांकडे बघा. खांबांवर हात राहिलेत! मनगटापासून बोटांपर्यंत, माणूस नाही पण हात आहे. पुसणाऱ्याला ते दिसले नाहीत की त्याने मुद्दाम सोडले कोण जाणे. दीड हजार वर्षं ते हात तिथे आहेत.

जाण्याआधीच्या दोन गोष्टी. सान व्हिताले, गाला प्लाचिदिया, नेओनियानो बाप्तिस्मागृह वगैरे पाच ठिकाणांचं एकत्र तिकीट मिळतं, त्यातल्या गाला प्लाचिदिया आणि बाप्तिस्मागृहाला वेळ ठरवून घ्यावी लागते कारण जागा लहान, गर्दीच्या दिवसांत आत जेमतेम पाच मिनिटं थांबू देतात. आणि छोटी दुर्बीण न्या. मोझेकच्या सोनेरी तुकड्यात सोन्याचा वर्ख दोन काचांच्या मध्ये असतो आणि तुकडे मुद्दाम जरा तिरके बसवलेले असतात, त्यामुळे तुम्ही चाललात की उजेड हलतो, ते दुर्बिणीतून बघायला मजा येते.

बाकी मिठागरं, फाएन्झा, सेनिओ यावर प्रतिसादांतून लिहीन, खूप लांबलंय.

वाचनमात्र

सुंदर लिहिलंय, ते हातांचं वाचून अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली आहे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

भटकभवानी

लेख आवडला पण एक वेगळं मत मांडते, राग नसावा. आम्ही मागच्या जुलैत दोन मुलांना घेऊन गेलो होतो, ऊन मरणाचं, दमट, डास, तिसऱ्या चर्चमध्ये धाकटा म्हणाला आई हे सगळं सेमच आहे आणि मला त्याचं पटलं. दहा दिवसांच्या ट्रिपमध्ये तीन दिवस एका जिल्ह्याला देणं सगळ्यांना शक्य नसतं हो. ज्यांना इतिहासाची खूप आवड आहे त्यांनी जरूर द्यावेत.

निळी_खिडकी

राग कसला, बरोबरच आहे तुमचं. जुलै-ऑगस्टमध्ये मी स्वतःही दुपारी बाहेर पडत नाही, एप्रिल-मे नाहीतर सप्टेंबर उत्तम. आणि मुलं बरोबर असतील तर आठही वास्तू करूच नका. गाला प्लाचिदिया, सान व्हिताले आणि मग थेट थिओडोरिकची समाधी. ती मुलांना आवडतेच, कारण तिचं छप्पर एकाच दगडाचं आहे, दहा मीटरच्या वर व्यास, वजन दोनशे टनांच्याही वर, आणि तो दगड समुद्रापलीकडच्या इस्त्रियातून आणला. कडेला बारा कान आहेत त्या दगडाला, वर कसा चढवला यावर मुलांना डोकं लढवू दे. मग सान फ्रान्चेस्को चर्चच्या तळघराकडे न्या, तिथे वेदीखाली पाणी भरलंय, खाली मोझेकची फरशी आणि तिच्यावरून मासे पोहतायत. नाणं टाकलं की दिवा लागतो. भूजल वर आलंय म्हणून ते पाणी आहे, गेल्या शतकात जमिनीतून पाणी आणि गॅस उपसल्यामुळे इथली जमीन काही ठिकाणी मीटरभराहून जास्त खचली. म्हणजे एकीकडे समुद्र लांब गेला आणि दुसरीकडे जमीन खाली चाललीये.

त्याच चर्चच्या बाजूला दान्तेची समाधी. फ्लॉरेन्सने हाकललेला कवी, १३२१ च्या सप्टेंबरात इथे गेला. फ्लॉरेन्सवाल्यांना नंतर पश्चात्ताप झाला, १५१९ मध्ये पोपची परवानगी घेऊन अस्थी न्यायला माणसं आली, तर पेटी रिकामी! फ्रान्सिस्कन साधूंनी भिंतीतून भोक पाडून अस्थी आधीच लपवल्या होत्या. त्या सापडल्या थेट १८६५ मध्ये, बांधकाम चालू असताना. आजही समाधीतल्या दिव्याचं तेल दरवर्षी सप्टेंबरात फ्लॉरेन्स पाठवतं आणि फ्लॉरेन्समधली दान्तेची भव्य कबर रिकामी आहे. रावेन्नाच्या लोकांना याचा केवढा अभिमान आहे, कुठल्याही टपरीवर विषय काढून बघा.

उरणकर

मिठागरांचं लिहा ना ताई. आमच्या आज्याचं आगर होतं, आता सगळं भराव घालून गेलं, त्यामुळे मिठागर म्हटलं की जीव अडकतो.

निळी_खिडकी

उरणकर दादा, तुम्ही चेर्वियाला जायलाच हवं मग. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, रावेन्नाहून ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत. ८२७ हेक्टर मिठागर, अजून चालू, आणि आता ते पक्ष्यांसाठी राखीव क्षेत्र पण आहे, रोहित पक्षी हिवाळ्यातसुद्धा असतात. तिथल्या मिठाला ते गोड मीठ म्हणतात, म्हणजे साखरेसारखं नव्हे, तर मॅग्नेशियम-पोटॅशियमचे कडवट क्षार कमी उतरतात म्हणून. बहुतेक आगर १९५९ पासून यंत्राने चालतं पण कामिल्लोने नावाचं एक जुनं आगर तसंच ठेवलंय, तिथे निवृत्त आगरी आणि हौशी माणसं हाताने, लाकडी फावड्याने मीठ ओढतात. उन्हाळ्यात गेलात तर बघायला मिळतं.

आणि ऐका, पूर्वी चेर्विया गाव या मिठागरांच्या मधोमधच होतं. हिवतापाने माणसं इतकी मरायची की १६९७ मध्ये पोपच्या हुकुमाने अख्खं गाव उचलून समुद्राजवळ नवीन वसवलं. नवीन गावाची रचना अशी की बाहेरच्या चौकोनात मीठ-कामगारांची एकसारखी घरं, तीच गावाची तटबंदी. मिठाची मोठी कोठारं कालव्याच्या कडेला आहेत, एकात म्युझियम आहे आणि मीठ वाहणाऱ्या चपट्या होड्यापण ठेवल्यात. तुमच्याकडचे कुणी जुने जाणते असतील त्यांचे फोटो, अवजारं असं काही जपून ठेवलंय का कुणी? मला मनापासून विचारायचं होतं.

उरणकर

थोडंफार आहे ताई, घरच्या माळ्यावर. आता काढून साफ करतो. वाचून बरं वाटलं की कुठेतरी आगराचं आगरच राहिलंय.

माती_आणि_चाक

फाएन्झाबद्दल मी लिहू का? मी सिरॅमिक्स करते, दोन वर्षांपूर्वी तिथे तीन आठवडे एका वर्कशॉपला होते. फायान्स हा शब्दच या गावाच्या नावावरून आला, पांढऱ्या कथलाच्या झिलईवर रंगकाम केलेली भांडी. तिथलं सिरॅमिक म्युझियम १९०८ मध्ये सुरू झालं, दुसऱ्या महायुद्धात १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात संग्रहाचा मोठा भाग गेला आणि मग जगभरातून लोकांनी, कलाकारांनी वस्तू पाठवून तो परत उभा केला, पिकासोने सुद्धा. पर्शियन, चिनी, कोलंबसाच्या आधीच्या अमेरिकेतलं असं सगळं एका छताखाली आहे, मला एक दिवस अपुरा पडला. दुकानात घेताना ज्याच्या मागे भट्टी दिसतेय अशाच ठिकाणी घ्या.

दुसरं म्हणजे मे २०२३ चा पूर. लामोने नदी फाएन्झाच्या रस्त्यांतून वाहिली, खालच्या मजल्यांवर छतापर्यंत पाणी. मी गेले तेव्हा भिंतींवर चिखलाची रेघ अजून होती, आणि आमच्या शेजारच्या कारागिराने वाहून आलेला तोच चिखल चाळून त्याचे छोटे वाडगे भाजले होते. मी एक घेतलाय, रोज त्यात मीठ ठेवते.

निळी_खिडकी

वाडग्याचा फोटो टाका ना प्लीज!

पुराबद्दल सांगायलाच हवं. त्या मे महिन्यात दोन आठवड्यांत दोनदा पाऊस कोसळला, सगळ्या नद्या एकदम फुटल्या, प्रांतात १७ माणसं गेली, कोन्सेलिचे गाव तर कितीतरी दिवस पाण्यात होतं. इथल्या नद्या आपल्यासारख्या खोल पात्रात नाहीत, सपाटीवर आल्या की दोन्ही बाजूंना उंच मातीचे बांध आणि नदी त्यात आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंचावरून वाहते. बांध फुटला की पाणी घरांवर वरून येतं. रावेन्ना शहर वाचावं म्हणून शेतमजुरांच्या एका सहकारी संस्थेने आपल्या शेतात पाणी सोडू दिलं, उभं पीक गेलं. ही शेतमजुरांच्या सहकाराची परंपरा इथे १८८३ पासूनची आहे, रावेन्नाचे मजूर पुढच्याच वर्षी रोमजवळच्या ओस्तियाची दलदल उपसायला गेले होते, कारण चिखल कसा हाकायचा हे यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

आणि आता ज्यासाठी मी हा धागा काढला ते. हे जे बांध आहेत ना, सेनिओ नदीचे, तिथे १९४४-४५ च्या अख्ख्या हिवाळ्यात युद्धाची आघाडी अडकून पडली होती. बांधांत जर्मन खणून बसलेले, समोर दोस्त सैन्य. ९ एप्रिल १९४५ ला तो हल्ला झाला, आणि त्यात आपली मराठा पलटण होती, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव, वय २३, कंपनीचे निरोप्या. कंपनी कमांडर आणि आणखी दोघांबरोबर नदीतून पलीकडे जाताना तीन-तीन मशीनगन सुरू झाल्या, कमांडर आणि एक जण जखमी झाले, दुसरा जागीच गेला. जाधवांनी एका जखमीला खोल पाण्यातून, उभ्या चढणीवरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून मागे आणलं. परत गेले, दुसऱ्याला आणलं. मग तिसऱ्यांदा गेले ते एकटे मशीनगनवर. हाताला गोळी लागून बंदूक चालेना तर ती टाकून हातगोळे घेतले, आणखी दोन मोर्चे बंद पाडले, आणि मग बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना देत मागच्यांना पलीकडे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. त्याच दिवशी, त्याच नदीवर, फुझिन्यानोजवळ फ्रंटियर फोर्स पलटणीचे अली हैदर यांनाही ते मिळालं.

मी त्या बांधावर पहिल्यांदा सायकलने गेले तेव्हा हे मला माहीतच नव्हतं. अल्फोन्सिने गावात सेनिओच्या लढाईचं म्युझियम आहे, तिथे कळलं. परत बांधावर गेले. साधं गवत, खाली किवीच्या बागा, एक आजोबा कुत्रा फिरवत होते. मी कुठली विचारल्यावर मी इंडिया म्हटलं, तर ते काठीने नदीकडे दाखवून फक्त "इंदियानी" म्हणाले आणि मान हलवली. मला रडू आलं.

भटकभवानी

हे खरंच माहीत नव्हतं. पण एक प्रश्न मनात येतो, मोकळेपणाने विचारते, ती माणसं शेवटी इंग्रजांच्या फौजेत होती. त्याच काळात इथे छोडो भारत होऊन लोक तुरुंगात होते. मग अभिमान वाटावा की वाईट, मला खरंच ठरवता येत नाही.

माणगावचा

प्रथमच लिहितोय, इतके दिवस नुसता वाचत होतो. भटकभवानी ताई, तुमचा प्रश्न आमच्या घरात लहानपणापासून आहे. माझे पणजोबा मराठा पलटणीत इटलीत होते, जिवंत परत आले. त्यांचा धाकटा भाऊ बेचाळीसच्या चळवळीत होता. दोघं एकाच ताटात जेवायचे म्हणे आणि त्या विषयावर बोलायचे नाहीत. पणजोबा गेले दुष्काळामुळे, पगार घरी यायचा म्हणून, त्यात अभिमानाचा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही. मला वाईट वाटतं ते एवढंच की ते कुठे होते हे आम्हाला कधी कळलंच नाही. आजी सांगायची की ते तापात "शेनू, शेनू" म्हणायचे, आम्हाला वाटायचं कुणा माणसाचं नाव असेल. आज हा धागा वाचताना सेनिओ शब्दावर थांबलो.

आमच्या माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, ते पण इटलीतच पडले, १० जुलै १९४४ ला, वरच्या तिबेर खोऱ्यात, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. तिथल्या मोन्तोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने एक छायाघड्याळ उभारलं हे बातम्यांत वाचलं होतं. पण ते वेगळ्या जिल्ह्यात ना? मला जायचंय. पैसे साठवतोय. ९ एप्रिलला त्या बांधावर उभं राहता येईल का, परवानगी वगैरे लागते का, आणि मी शाकाहारी आहे, खायचं काय?

निळी_खिडकी

दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. काय लिहू कळत नाहीये, म्हणून आधी कामाचं सांगते.

परवानगी अजिबात लागत नाही, बांध सगळ्यांसाठी खुला आहे, लोक पळायला, सायकल चालवायला येतात. रावेन्नाहून फेराराच्या दिशेच्या ट्रेनने अल्फोन्सिने स्टेशनला उतरा. म्युझियमला येण्याआधी कळवून ठेवू, ते मी करते, इटालियनमध्ये बोललेलं बरं. १० एप्रिल हा त्या गावाचा मुक्तिदिन, म्हणजे दोन्ही दिवस राहिलात तर उत्तम. मोन्तोने उम्ब्रियात आहे, पेरुज्याच्या वर, तिथे बस कमी म्हणून वेगळा दिवस धरा. आणि फोर्लीला, शेजारच्याच जिल्ह्यात, भारतीय सैनिकांची दफनभूमी आणि ज्यांचं दहन झालं त्यांचं स्मारक आहे. तिथे नावं कोरलीत, गावांची आठवण येईल अशी नावं आहेत. पणजोबांचे सोबती असतील त्यांत.

खाण्याचं: इथली पियादिना म्हणजे आपल्या पोळीची जाडसर बहीण, टपऱ्यांवर गरम मिळते, पण मूळ कृतीत डुकराची चरबी असते, तिला स्त्रुत्तो म्हणतात. "सेन्झा स्त्रुत्तो" विचारा, बऱ्याच ठिकाणी ऑलिव्ह तेलाची मिळते. तीच घडी घालून, आत पालेभाजी नाहीतर बटाटा-भोपळा भरून भाजली की कास्सोने, त्यावर तुमचा दिवस निघेल. चीजमध्ये रेनेट (वासराच्या जठरातून काढलेलं विरजण) असतं, ते चालत नसेल तर आधी सांगा.

पणजोबांचा सैनिक क्रमांक किंवा बटालियन घरात कुठल्या कागदावर, पेन्शनच्या पुस्तकावर, पदकाच्या कडेवर असेल तर बघून ठेवा. पदकांच्या कडेला बारीक अक्षरात कोरलेलं असतं.

माणगावचा

पदक आहे. आईच्या ट्रंकेत. आत्ताच तिला फोन केला, चष्मा लावून वाचून सांगते म्हणाली.

माती_आणि_चाक

दादा, मी पण एप्रिलमध्ये फाएन्झाला असणार आहे. लुगोपर्यंत ट्रेन आहे, मी येते बांधावर. टोपी आणि पाणी घ्या, तिथे सावली नाही.